पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती, पूर्वाश्रमीच्या रमा अनंतशास्त्री डोंगरे व विवाहानंतर रमाबाई मेधावी (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२), या संस्कृत विदुषी, लेखिका, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशन या संस्थेच्या संस्थापिका होत. त्यांनी १८८९ साली मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन काढले. १८९६ नंतरच्या दोन मोठ्या दुष्काळांत निराधार झालेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावी आणून सांभाळले व शिकविले. संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर हे त्यांचे अखेरचे मोठे कार्य होय. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे त्यांच्या कार्याविषयी महाराष्ट्रात दीर्घकाळ वाद होत राहिला आणि बरीच वर्षे मराठी समाजाच्या स्मरणातून त्या जवळजवळ बाजूला पडल्या.

जन्म आणि घरातील शिक्षण

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यमय ठिकाणी झाला. हा भाग तेव्हा म्हैसूर संस्थानाच्या सीमेवर होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृतचे गाढे पंडित होते. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. रामचंद्रशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्र्यांच्या मनात आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी, असा विचार रुजला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे तो तडीस गेला नाही. पुढे तीर्थयात्रेत असताना गोदावरीच्या काठी एका प्रवासी ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. या दुसऱ्या पत्नीला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, त्यांनी चिकाटीने संस्कृत शिकविले.

यावरून समाजात वादळ उठले. उडुपी येथील माध्व पंडितांसमोर अनंतशास्त्र्यांना आपली बाजू मांडावी लागली. स्त्रियांनी संस्कृत काव्य, व्याकरण व पुराणे शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथाधारांनी सिद्ध केले. वेदाध्ययनाचा अधिकार मात्र त्यांनीही स्त्रियांना दिला नव्हता. या वादाला कंटाळून त्यांनी गंगामूळच्या रानात घर बांधले. तेथे विद्यार्थी येऊन राहत व शिकत.

अतिथी, यात्रेकरू आणि विद्यार्थी यांच्या खर्चाने कुटुंब कर्जबाजारी झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना घर सोडावे लागले आणि वेताच्या पेटाऱ्यात ठेवून त्यांना डोंगरातून खाली आणण्यात आले. यानंतर कुटुंबाला कायमचे घर राहिले नाही. तीर्थक्षेत्रांतून फिरावे, देवळांत वा नदीकाठी पुराण सांगावे आणि श्रोत्यांच्या दक्षिणेवर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम होता.

रमाबाईंचे सारे शिक्षण या भटकंतीतच झाले. त्या कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. वडील वृद्ध झाले होते, म्हणून अध्यापनाचे काम आईने हाती घेतले. लक्ष्मीबाई पहाटे, घरकामास लागण्यापूर्वी, मुलीला उठवून तोंडी पाठ देत. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते. संस्कृतखेरीज मराठी त्या घरात शिकल्या आणि प्रवासात कन्नड, हिंदी व पुढे बंगाली या भाषा आत्मसात केल्या. थोरली बहीण कृष्णाबाई हिचा बालविवाह दुःखद ठरला होता. त्या अनुभवामुळे वडिलांनी धाकट्या मुलीचे लग्न लहानपणी केले नाही. त्या काळी ही गोष्ट तिला संस्कृत शिकविण्याइतकीच धाडसाची होती.

दुष्काळ आणि कुटुंबाचा अंत

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत मोठी टंचाई पडली. पुराण ऐकणारे लोकच उपाशी होते, तेव्हा दक्षिणा देणार कोण? भांडी, दागिने, वस्त्रे विकून होते नव्हते ते संपले. अंगमेहनतीचे काम करणे हे शास्त्री घराण्यास शिकविलेच गेले नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटे. ग्रंथांत सांगितलेली व्रते, दाने व उपवास करण्यात उरलेसुरले द्रव्य खर्ची पडले. शेवटी कुटुंबाने तिरुपतीजवळच्या रानाचा आश्रय घेतला आणि अनेक दिवस पाने व पाणी यांवर काढले. वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले होते, परंतु मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखविल्यावर तो बेत टळला. थोड्याच दिवसांत अनंतशास्त्र्यांचे निधन झाले, पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या आणि पुढे कृष्णाबाईही पटकीने वारल्या. आईचे प्रेत वाहून नेण्यास पुरेसे लोक मिळाले नाहीत. भावाबरोबर रमाबाईंनीही तिरडीस हात लावला आणि उंची कमी पडल्यामुळे आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

त्या वेळी त्यांचे वय सोळा वर्षांचे होते. उपासमारीत मूल कसे वागते, त्याला कशाची भीती वाटते आणि मदत करणाऱ्याच्या हेतूविषयी ते किती साशंक असते, हे त्यांनी स्वतःच्या शरीराने जाणले होते. बावीस वर्षांनंतर मध्य प्रांतातील दुष्काळाची वार्ता आली, तेव्हा हातात पैसा नसताना त्या तिकडे गेल्या. त्याचे कारण या अनुभवात सापडते. रमाबाईंनी स्वतःही ते तसेच नमूद केले आहे.

कलकत्ता, विवाह आणि वैधव्य

भाऊ श्रीनिवास व रमाबाई पायी उत्तर हिंदुस्थानात हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मण मुलगी सभेत उभी राहून संस्कृतातून शीघ्र उत्तरे देते, ही गोष्ट वृत्तपत्रांतून देशभर पसरली. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत भेट दिली. वडिलांनी जे अध्ययन वर्ज्य मानले होते, ते येथून सुरू झाले. धर्मशास्त्रे बारकाईने वाचताना स्त्रीविषयीची त्यांतील वचने त्यांना अधिकाधिक खटकू लागली.

१८८० साली श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी जून महिन्यात रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबाबू ब्राह्मणेतर असल्यामुळे हा विवाह आंतरजातीय व आंतरप्रांतीय असा दुहेरी अपवाद ठरला आणि दोघेही बहिष्कृत झाले. आसामातील सिलचर येथे त्यांनी संसार थाटला. १६ एप्रिल १८८१ रोजी कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबू वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच रमाबाई आईवडील, भाऊ, बहीण आणि पती या सर्वांना पारख्या झाल्या होत्या.

पुण्यातील कार्य

मुलीला घेऊन रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. स्त्रियांनी एकत्र यावे, वाचावे, बालविवाहादी रूढींचा विचार करावा, हा या संस्थेचा उद्देश होता. पुण्याबाहेरही तिच्या शाखा निघाल्या. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षिका व स्त्री-निरीक्षक नेमण्याची आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्याची मागणी केली. स्त्री-डॉक्टरांच्या या मागणीची इंग्लंडमध्येही दखल घेतली गेली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक याच वर्षीचे असून, त्याच्या विक्रीतून विलायतच्या प्रवासाचा खर्च निघाला. पुढील काळातील रमाबाईंच्या मानाने या पुस्तकाचा सूर पुष्कळच सौम्य व पारंपरिक आहे.

इंग्लंड आणि धर्मांतर

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने रमाबाई १८८३ साली मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. सोबत आनंदीबाई भगत होत्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने त्यांची राहण्याची सोय केली. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. थोड्याच काळात आनंदीबाईंनी परक्या देशात आत्महत्या केली आणि रमाबाईंना त्याचा जबर धक्का बसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे अनेक कारणे होती. सिलचर येथे वाचलेले बंगाली शुभवर्तमान, पुण्यात झालेला रेव्हरंड नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा परिचय आणि त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार ही वैचारिक कारणे होत. परंतु लंडनजवळच्या फुलहॅम येथे भगिनीसंघाने चालविलेले पतित स्त्रियांचे निवासगृह पाहून त्या विशेष हलल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रीला हात देऊन उभे करता येते आणि ते धर्मकार्य मानले जाते, ही गोष्ट त्यांना नवी होती. पुढे केडगावच्या कृपा सदनाचे बीज येथेच पडले.

महाराष्ट्रात या धर्मांतराने खळबळ माजली. काल गौरव करणारे अनेक जण टीकाकार झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र ‘सत्सार’ मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. इकडे इंग्लंडमध्येही रमाबाई आज्ञाधारक शिष्या ठरल्या नाहीत. मतप्रणाली, उपासनापद्धती आणि अधिकार यांविषयी भगिनीसंघाशी त्यांचे पत्रांतून दीर्घ वाद झाले. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असा प्रश्न त्यांनी विचारला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती मानण्यास नकार दिला. ख्रिस्ती झाल्यावरही त्या आयुष्यभर शाकाहारी राहिल्या आणि त्यांचा वेषही देशी होता. १८८४ ते १८८६ या काळात त्यांनी चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात डॉरोथिया बील यांच्या हाताखाली अध्ययन केले व तेथेच संस्कृतचे अध्यापन केले.

अमेरिका

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियास गेल्या. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातील होत्या. हा समारंभ ११ मार्च १८८६ रोजी झाला. काही आठवड्यांसाठी गेलेल्या रमाबाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. या काळात त्यांनी फ्रोबेलची बालोद्यान शिक्षणपद्धती अभ्यासली, शाळा पाहिल्या आणि गावोगावी व्याख्याने दिली. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी पुस्तकात त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची, विशेषतः बालविधवेची, स्थिती मांडली. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांसाठी एक शाळा दहा वर्षे चालविण्याचा खर्च तिने पत्करला. शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. ख्रिस्ती देणगीदारांच्या पैशावर हिंदू विधवांसाठी धर्मनिरपेक्ष शाळा हा प्रयोग मुळातच नाजूक होता आणि चार वर्षांत त्याची कसोटी लागली. अमेरिकेतील समाजजीवनावर रमाबाईंनी लिहिलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली निघाले. मराठी प्रवासवर्णनांच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. त्यांतील निरीक्षणाची बारकाई आणि विनोद पाहता ते आजही अधिक वाचले जावे, अशा योग्यतेचे आहे.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. १८९० च्या अखेरीस ते पुण्यास हलविण्यात आले. ‘शाळा’ हा शब्द न वापरता ‘सदन’ म्हटले होते, ते सार्थ होते. येथे विधवा मुली राहत, शिकत, बागेत काम करीत आणि रमाबाईंच्या पंक्तीस बसून जेवत. ज्यांना जातीचे नियम पाळायचे असतील, त्यांच्या स्वयंपाकाची वेगळी सोय होती. केशवपन झालेल्या, घरात अशुभ मानल्या गेलेल्या मुलींना कोणी नावाने हाक मारणे, आजारात उशाशी बसणे, हेच नवे होते. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी यांचा १८९३ साली प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच पुढे आनंदीबाई अथवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी सदनातील दिवसांचे वर्णन केले आहे.

वादाचे कारण प्रार्थना हे होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार बंद करीत नसत. काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे होते की, त्या कोणाला बोलावीत नाहीत आणि कोणाला अडविण्याचाही त्यांना अधिकार नाही. पालकांना व पुण्यातील पुढाऱ्यांना हे वचनभंगासारखे वाटले. ‘केसरी’ने संस्थेवर कडक टीका केली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला आणि अनेक मुली घरी नेण्यात आल्या.

या प्रकरणाचा निवाडा सोपा नाही. ज्या मुलीला घरी परतल्यावर पुन्हा कोपऱ्यात बसावे लागणार, तिच्या दृष्टीने सदनाचे दार उघडे असणे महत्त्वाचे होते. परंतु आश्रय देणाऱ्या व्यक्तीच्या श्रद्धेचा आश्रितावर न बोलताही प्रभाव पडतो, हा टीकाकारांचा मुद्दाही खोटा नव्हता. या वादाचा एक परिणाम असा झाला की, हिंदू समाजाचा विश्वास टिकवून विधवाशिक्षण करता यावे, यासाठी स्वतंत्र संस्थेची गरज अधिक जाणवू लागली. १८९६ साली कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. तो पुढे पुण्याजवळच्या हिंगणे येथे गेला.

केडगाव आणि मुक्ती सदन

असोसिएशनची दहा वर्षांची मदत संपल्यावर संस्था स्वावलंबी व्हावी, या हेतूने रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेस, लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावली होती. दुष्काळी मुलींचे निवासस्थान तेथे व्हावे, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदतकेंद्रे व गरीबखाने यांत त्यांनी जे पाहिले, त्यात उपासमार हा केवळ एक भाग होता. आईबाप मेलेल्या वा हरवलेल्या मुली तेथे कोणाच्याही हाती लागत होत्या आणि त्यांना फसवून नेणारे दलाल आसपास वावरत होते. या दौऱ्यांतून सुमारे तीनशे मुली सुटल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात नव्या माणसांना आणून ठेवणे अशक्य झाले. मुलींना केडगावच्या शेतात तंबू व झोपड्या उभारून ठेवावे लागले. मुक्ती सदनाचा आरंभ असा आपत्तीत झाला. १८९८ साली पक्क्या इमारतीचे काम सुरू झाले.

प्लेगच्या काळातच रमाबाईंनी सरकारी रुग्णालयात व विलगीकरण छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी ‘बॉम्बे गार्डियन’ मध्ये जाहीर पत्र लिहिले. आपल्या आश्रयाखालील एका मुलीची दुर्दशा त्यांनी त्यात मांडली होती. प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात विचारला गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले, तरी रमाबाई मागे हटल्या नाहीत. ख्रिस्ती झालेली स्त्री सरकारधार्जिणी असणारच, या समजुतीला हे उत्तर होते.

१९०० साली गुजरातेत व राजपुतान्यात दुष्काळ पडला. या वेळी रमाबाईंनी आपल्या सहकारी स्त्रियांना तिकडे पाठविले आणि हजाराहून अधिक मुली व स्त्रिया केडगावी आल्या. त्या वर्षी मुक्तीतील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सांगाडे झालेली शरीरे, त्वचारोग, डोळ्यांचे विकार, अन्न लपवून ठेवण्याची सवय आणि कोणावरही विश्वास न ठेवण्याची वृत्ती घेऊन या मुली आल्या होत्या. गुजराती, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या या मुलींना एकत्र राखणे हेच पहिले काम होते. शारदा सदनातील मोठ्या मुलींनी ते उचलले. कालच्या आश्रित मुली आज नवागतांच्या माता व शिक्षिका झाल्या. त्यांनी मुलींना न्हाऊ घातले, औषध लावले, अक्षरे गिरवून घेतली. मुक्तीची सारी घडी या एका व्यवस्थेवर बसली होती. पगारी नोकरांवर एवढा मोठा संसार चालणे शक्यही नव्हते.

येथे रमाबाईंच्या कार्याचे स्वरूप पालटले. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुक्तीत शेतकरी, कारागीर, अस्पृश्य मानल्या गेलेल्या, सर्वच जातींच्या मुली होत्या. शिवाय आता संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि धर्मशिक्षण लपविण्याचा प्रश्न उरला नव्हता. उपाशी मुलाला अन्न आणि श्रद्धा एकाच हाताने दिल्यास त्याच्या निवडीला कितपत स्वेच्छा म्हणावे, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. यावर रमाबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येते की, त्या मुलींना नेण्यास तेव्हा दुसरे फारसे कोणी पुढे आले नव्हते आणि ज्यांची वाट त्या पाहत नव्हत्या, असे दलाल मात्र पुढे आले होते.

गरजेप्रमाणे एकेक सदन वाढत गेले. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन आणि अंध मुलींसाठी बार्तिमी सदन होते. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले. येशूने दृष्टी दिलेल्या बार्तिमय या अंध भिकाऱ्याच्या बायबलमधील कथेवरून या सदनाला नाव दिले होते.

शिक्षण पुस्तकापुरते नव्हते. सकाळचा वर्ग आणि नंतर काम, असा क्रम असे. शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई, सुतारकाम आणि छापखाना यांत मुली काम करीत. मुलीला स्वतःच्या कमाईवर उभे राहता आले पाहिजे, या आग्रहामागे आपल्या आईवडिलांची आठवण असावी. अपार विद्या असूनही हाताला काम ठाऊक नसल्यामुळे त्या कुटुंबावर रानात पाने खाण्याची वेळ आली होती.

पैशाच्या बाबतीत रमाबाईंवर ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचा प्रभाव होता. म्यूलर यांनी कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर, दोन हजार मुलांची अनाथालये चालविली होती. मुक्तीतही ठरावीक वेतन वा कायम निधी नव्हता आणि येईल त्या देणगीवर कारभार चाले. असे असले तरी संस्थेची पत्रके देशोदेशी जात आणि मिनी एब्रॅम्स यांच्यासारख्या परदेशी सहकारिणींमुळे मुक्तीचे नाव दूरवर पोहोचले होते. १९०५ साली मुक्तीत सामूहिक प्रार्थनेचे मोठे भावजागरण झाले. जगातील पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद घेतली जाते. एब्रॅम्स यांनी त्याविषयी लिहिलेल्या पुस्तिकेचा परिणाम दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत झाला.

बायबलचे भाषांतर

उपलब्ध मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती आणि मुक्तीतील सामान्य मुलींना ती समजत नसे. शिवाय हिंदू तत्त्वज्ञानातील संज्ञा ख्रिस्ती अर्थाने वापरल्यास घोटाळा होतो, असे रमाबाईंचे मत होते. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या विदुषीने संस्कृत शब्द जाणीवपूर्वक टाळून भाषांतर करावे, ही घटना मराठी भाषेच्या इतिहासात एकमेव असावी. त्यासाठी उत्तरायुष्यात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. जुळणीपासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी केले. मूळ शब्दक्रमाशी इमान राखण्याच्या हट्टामुळे भाषांतर काही ठिकाणी अवघड व कृत्रिम झाले आहे. प्रचलित मराठी बायबलची जागा ते घेऊ शकले नाही. सुमारे अठरा वर्षे चाललेले हे काम त्यांच्या मृत्यूपूर्वी पूर्ण झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

अखेरची वर्षे

१९०७ साली रमाबाईंनी आपल्या श्रद्धेच्या वाटचालीविषयी आत्मनिवेदन लिहिले. बालपण व दुष्काळ यांविषयीची बरीच माहिती त्यातूनच मिळते. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. संस्थेचा भार मनोरमाबाई सांभाळतील, अशी अपेक्षा होती. इंग्लंड व अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली होती आणि निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे शाळाही काढली होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर जेमतेम साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई केडगाव येथे निवर्तल्या.

देवदत्त नारायण टिळक यांनी लिहिलेले त्यांचे मराठी चरित्र ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ १९६० साली प्रसिद्ध झाले. स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रातील संशोधकांनी त्यांच्या लेखनाकडे पुन्हा लक्ष वेधले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगाव येथील संस्था पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने आजही चालू असून निराधार मुली, स्त्रिया आणि अंध व्यक्ती यांची तेथे सोय होते.